रिकाम्या कॅप्सूलची झोप

"तुमच्या कॅप्सूलमध्ये औषध नव्हतंच," संशोधक बाई म्हणाल्या, आणि त्याला आधी वाटलं की आपल्यावर कसला तरी आळ येतोय. औषध नव्हतं तर गेलं कुठे, असा प्रश्न आता पुढे येणार म्हणून तो खुर्चीत सावरून बसला, त्यानं उगाच खिसेही चाचपले. बाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. अभ्यास संपला होता आणि कोणाला काय दिलं होतं हे आज पहिल्यांदा उघड होत होतं, त्यांनाही आणि त्यालाही. निम्म्या लोकांना झोपेचं संप्रेरक, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशाच पिवळ्या टोपीची कॅप्सूल, आत नुसतं पीठ. तो पीठवाल्यांत निघाला होता. असं होऊ शकतं हे पहिल्याच दिवशी त्याला नीट समजावलं होतं, त्यानं मान डोलावून सहीही केली होती. पण सही करणं वेगळं आणि आपण पीठवाले निघणं वेगळं. बाई नाक पुसत होत्या. त्यांना बारमाही सर्दी असायची आणि त्यामुळे त्या काहीही बोलल्या तरी नुकत्याच रडून उठल्यासारख्या वाटायच्या. त्यानं विचारलं, मग मी इतके दिवस झोपत होतो तो कशानं. बाई म्हणाल्या, तेच तर.

पीठ. पण त्याला तर ते चढताना जाणवायचं. गिळल्यावर थोड्या वेळानं बोटांच्या टोकांत ऊब यायची, मग पापण्यांच्या आतून कोणी मऊ काहीतरी अंथरतंय असं वाटायचं, मग आपण बोलत असलेलं वाक्य आपल्याच हातून सुटून घरंगळत जायचं आणि ते उचलायला वाकावंसंही वाटायचं नाही. ही सगळी लक्षणं त्यानं ऑफिसात इतक्या रंगवून सांगितली होती की तिथले लोक रोज सकाळी विचारायचे, काय खालीवर, काल किती वेळात विमान उतरलं. खालीवर हे त्याचं ऑफिसातलं नाव. तो लिफ्ट तपासनीस होता. शहरातल्या जुन्यानव्या इमारतींच्या लिफ्टा तपासत वर जायचं, खाली यायचं, हाच धंदा, आणि नाव ठेवणारे कुठे कमी असतात. त्यात त्याचं मुख्य काम कानांचं होतं. केबिनच्या टपावर उभं राहून लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत कान लावायचे: रस्सा कुरकुरतोय का, बेअरिंग घासतंय का, ब्रेक धरताना आधी कण्हतोय का. बिघाड दिसण्याच्या फार आधी ऐकू येतो, असं तो शिकाऊ पोरांना सांगायचा. आणि हीच विद्या रात्री त्याच्या मुळावर उठली होती. उशीवर कान टेकला की त्याला स्वतःचं यंत्र ऐकू यायचं. धप, धप, आणि मधेच एक ठोका जरा रेंगाळल्यासारखा. तो रेंगाळलेला ठोका पुन्हा येतो का याची वाट बघत तो पडून राहायचा. आला तर धसका, नाही आला तर आता येईल म्हणून धसका. अशी त्याची कित्येक वर्षं गेली होती आणि त्याला वाटायचं की सगळी शहाणी माणसं अशीच झोपत असणार, म्हणजे नसणार.

त्याला कारणही होतं. बाबा हृदयानं गेले तेव्हा तो इतका लहान होता की त्याला बाबांचे फक्त बूट आठवत होते. दादाला दोनदा टेबलावर घेऊन त्याची छाती उघडावी लागली होती. दादा म्हणायचा, आपल्या घराण्याच्या अंगात रक्त नाही, लोणी वाहतं. आपल्याला उन्हात बसवू नये. हसायचा, पण रोज संध्याकाळी फोन करून आपल्या धाकट्या भावाला आकडे विचारायचा. काय आलं, एलडीएल किती, वाढलं की कमी. आकडा चढा असला की दादा गप्प व्हायचा आणि उतरलेला असला की म्हणायचा, प्रयोगशाळा बदल, ही खोटारडी दिसते. तो स्वतः आता दादा पहिल्यांदा कोसळला होता त्या वयाला आला होता. डॉक्टरांनी दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं त्याचे स्नायू असे दुखायचे की जिना चढताना पाय परक्याचे वाटायचे, आणि लिफ्टवाल्यानंच जिने टाळले तर लोक काय म्हणतील. तेव्हा डॉक्टरांनीच या अभ्यासाचं सांगितलं होतं. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोल्यांच्या वर, संशोधक बाईंचं हे छोटंसं दालन होतं, खालून सतत वाफेचा आणि साबणाचा वास येणारं.

पहिल्या दिवशी बाईंनी जे सांगितलं ते त्याला फार आवडलं होतं, कारण आपल्या आत काय चाललंय हे त्याला इतक्या वर्षांत कोणी गोष्टीसारखं सांगितलं नव्हतं, सगळे नुसते आकडे सांगायचे. कोलेस्टेरॉल तेलकट असतं आणि रक्त पाण्यासारखं, म्हणून ते तसंच वाहू शकत नाही, त्याला इवल्या इवल्या कणांत भरून न्यावं लागतं. एलडीएलचे कण यकृताकडून भरून निघतात आणि अंगभर माल पोचवतात; एचडीएलचे कण उरलंसुरलं गोळा करून परत आणतात. त्याच्या डोळ्यांपुढे लगेच भरली केबिन वर जातेय आणि दुसऱ्या बाजूनं तोल सांभाळणारं वजन, काउंटरवेट, खाली येतंय असं दिसलं, आणि तो म्हणालाही तसं, तेव्हा बाई म्हणाल्या की साधारण तसंच, फक्त इथे दोन बाजू एकाच रश्शाला बांधलेल्या नाहीत, हीच पंचाईत आहे. एलडीएल जास्त झाले, रेंगाळले, तर रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून बसतात. आणि बसून काय होतं, तर खवट होतात. या शब्दावर तो थबकला होता. तेल खवट होतं तसंच, बाई म्हणाल्या, प्राणवायूनं. आणि खवट झाले की शरीर त्यांना परकं समजून त्यांच्यावर धावून जातं आणि त्या मारामारीत भिंत सुजते. आता, मेंदूत खोलवर तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी आहे. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचं रसायन रक्तात सोडते, सगळ्या अंगाला कळवायला, की रात्र झाली. उजेड दिसला की हात आखडते. हे मेलाटोनिन त्या कणांना खवट होऊ देत नाही, निदान काचेच्या नळीत तरी देत नाही. माणसांच्या काही अभ्यासांत ते घेतल्यानं एलडीएल थोडं उतरलेलं दिसलं, काहींत ढिम्म हललं नाही. खरं काय ते आम्हाला अजून माहीत नाही, बाई नाक पुसत म्हणाल्या होत्या, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आपल्याला माहीत नाही असं इतक्या प्रसन्नपणे सांगणारा माणूस त्याला रुग्णालयात पहिल्यांदाच भेटत होता. त्यानं तिथल्या तिथे हो म्हटलं.

अटी मात्र कडक होत्या, आणि त्या घरी सांगायच्या होत्या. दिवेलागणीनंतर, जेवणं आटोपली की, घरात मोठा दिवा नाही, टीव्ही नाही, फोनचा पडदा नाही. अभ्यासाकडून मिळालेला एक तांबूस, मेणबत्तीएवढाच उजेड देणारा दिवा कोपऱ्यात लावायचा आणि झोपेपर्यंत तेवढ्यावर भागवायचं. घर दोन खोल्यांचं, म्हणजे तो अंधारात बसणार तर बायकोलाही अंधारात बसणं आलं. बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर फ्रेमा बसवायची, आणि संध्याकाळी टीव्हीपुढे पाय पसरून बसणं हा तिच्या दिवसातला एकच स्वतःचा तास होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमच्या लोण्यापायी मी वनवासात का जायचं. मग थोड्या वेळानं म्हणाली, बरं. त्या 'बरं'मध्ये दादाची दोन ऑपरेशनं होती, हे त्याला कळलं होतं. पहिले काही दिवस ती दोघं त्या तांबूस दिव्याच्या दोन बाजूंना, गाडी चुकलेले दोन अनोळखी प्रवासी बसावेत तशी बसली. पातेलं कोण घासणार, लेकीचा फोन आला होता का, बिल भरलं का, एवढं झालं की शब्द संपायचे. मुलगी परगावी गेल्यापासून दोघांमधलं बोलणं किती आटलं होतं हे टीव्हीच्या आवाजात कधी ऐकूच आलं नव्हतं. तो कान लावून त्या शांततेत बसायचा, बिघाड नेमका कुठे आहे ते शोधत.

मग एकदा तिनं एकाएकी विचारलं होतं, तुमच्या चष्म्याची काडी सैल झालीय का, आणि उत्तराची वाट न बघता त्याच्याजवळ येऊन बसली होती. त्या उजेडात तिला दिसत काहीच नव्हतं. तिनं बोटांनीच त्याचं नाक, कानशिलं, कानामागची हाडं चाचपली, दुकानात करायची तशी, सराईतपणे. आणि म्हणाली, "हलू नकोस." तो हलला नाही. दुकानात ती लहान मुलांना असं म्हणते हे त्याला माहीत होतं, आणि तरीही इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून आपल्यासाठी तुम्ही सोडून दुसरं काही निघालं, हे त्याच्या कानांनी टिपलं. ती म्हणाली, तुझा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे. लग्नातच बघितलं होतं मी, कोणाला बोलले नाही. त्यानं विचारलं की मग इतकी वर्षं वाकड्या माणसाबरोबर का राहिलीस, आणि ती हसली, आधी नाकातल्या नाकात, मग तोंड दाबून, मग तोंड दाबूनही आवरेना अशी. वरच्या मजल्यावरच्यांनी फरशीवर काठी आपटली तेव्हा दोघं शाळेतल्यासारखी चिडीचूप झाली. त्यानंतर अंधारात ती त्याला अरे-तुरे करू लागली. कोणी ठरवलं नव्हतं, त्यावर चर्चा नव्हती. तिनं सांगितलं की भिंतीला त्यानं हौसेनं दिलेला निळा रंग तिला पहिल्या दिवसापासून दवाखान्यासारखा वाटतो. त्यानं सांगितलं की तिची थोरली बहीण त्याला आधी दाखवली असती तर तो पळून गेला असता. तिनं कधीकाळी एका नाटकमंडळीत कपड्यांचं काम मागायला जाऊन दारातूनच परत आल्याची हकिगत सांगितली, जी त्याला मुळीच माहीत नव्हती, आणि त्याला वाटलं, आपण ज्या इमारतीत जन्मभर राहिलो तिच्यात आणखी एक मजला होता. बोलता बोलता जड व्हायला लागायचं. कॅप्सूलच ती, दुसरं काय असणार. सकाळी मात्र उजेडात ती म्हणायची, डबा विसरू नका, आणि तोही सरळपणे म्हणायचा, नाही विसरत.

हे सगळं बाईंना सांगण्यासारखं नव्हतं, पण बाईंनी पडद्यावर एक आलेख उघडला तेव्हा त्याला वाटलं की त्यांना सगळं कळलेलं आहे. अभ्यासाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याला इथल्या मंद खोलीत बसवून थोड्या थोड्या वेळानं नळीत थुंकायला लावलं होतं. इतकं मन लावून थुंकण्याचा प्रसंग त्याच्यावर आधी आला नव्हता. थुंकीत मेलाटोनिन मोजता येतं. सुरुवातीची रेघ बराच वेळ जमिनीला चिकटून होती आणि मग आळसावून उठावं तशी उशिरा वर गेली होती. शेवटची रेघ संध्याकाळीच उठली होती, उंचही गेली होती. "पिठानं हे होत नाही," बाई म्हणाल्या. "हे तुमचं तुम्हीच बनवलंत. वेळेवर अंधार मिळाला, ग्रंथीनं वेळेवर काम सुरू केलं." एलडीएलही उतरलं होतं, फार नाही, पण उतरलं होतं, आणि ते कण खवट न होता पूर्वीपेक्षा जास्त वेळ तग धरत होते. मेलाटोनिन वाढलं म्हणून एलडीएल उतरलं का, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या की एका माणसावरून असं म्हणता येणार नाही, तुम्ही लवकर जेवायला लागलात, टीव्हीपुढचं खाणं सुटलं, झोप वाढली, आणि आकडे आपोआपही खालीवर होतात. तुम्ही डॉक्टरांना भेटून दुसरी गोळी सुरू करा, हे मी आधी सांगते. मग त्या म्हणाल्या की त्यांचा अभ्यास मात्र पाण्यात गेला. औषधवाले सुधारले, पण पीठवालेही जवळजवळ तितकेच सुधारले. अटीच अशा घातल्या होत्या की सगळेच झोपायला लागले. फरक दाखवायचा होता, फरकच राहिला नाही. आता वरिष्ठांना काय दाखवायचं. त्याला एकदम अपराध्यासारखं वाटलं, जणू परीक्षेत नको तितके मार्क पाडून त्यानं कोणाचं तरी वाटोळं केलं होतं. तो म्हणाला, बाई, पण सगळे झोपले. बाईंनी नाक पुसलं, आलेखाकडे बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. "हो ना," त्या म्हणाल्या, "झोपले खरे." निघताना त्यांनी सांगितलं की आजपासून अटी संपल्या, दिवे हवे तेवढे लावा. तांबूस दिवा परत करायची गरज नाही.

दुपारी त्याला एका सात मजली इमारतीची लिफ्ट तपासायची होती. केबिनच्या टपावर उभं राहून त्यानं सावकाश खाली उतरवायला सांगितलं आणि विहिरीचा अंधार त्याच्या दोन्ही बाजूंनी वर सरकू लागला. एरवी या अंधारात त्याला बरं वाटायचं. आज त्याला आपल्या छातीतलं यंत्र ऐकू येऊ लागलं. आजपासून अटी संपल्या. म्हणजे ती आज टीव्ही लावणार. ते योग्यच होतं, तिनं त्याच्या जिवासाठी इतके दिवस तो बंद ठेवला होता, आणि ज्या गोष्टीसाठी ठेवला ती गोष्ट पीठ निघाली होती. तिला हे सांगितलं की ती म्हणेल, म्हणजे एवढा वनवास फुकटच की. आणि मोठा दिवा लागेल, आणि मोठ्या दिव्याखाली ती पुन्हा तुम्ही म्हणेल, आणि त्यात चूक काहीच नसेल. न सांगितलं तर? औषध होतं, गुणकारी होतं, डॉक्टर म्हणाले अंधार चालू ठेवा. बोलायला सोपं होतं. दुसऱ्या मजल्याजवळ बेअरिंगचा बारीक आवाज आला तो त्याला ऐकूच आला नाही, बरोबरच्या मिस्त्रीनं ऐकवला. मिस्त्री म्हणाला, साहेब, आज कान कुठे आहेत. तो म्हणाला, एक वर आहे, एक खाली, आणि मिस्त्रीला काही कळलं नाही, पण स्वतःला हसू आल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं. बेअरिंग बदलायला सांगून तो पायीच घरी निघाला. दुकानांच्या पाट्या एकेक करून लागत होत्या. सांगायचं, त्यानं ठरवलं. इतक्या वर्षांनी अंधारात एकमेकांशी खरं बोलायला लागल्यावर पहिली थाप अंधार राखण्यासाठी मारायची, हे काही बरं नव्हतं.

घरात दिव्यांची रोषणाई होती. हॉलची ट्यूबलाइट, स्वयंपाकघरातली, गॅलरीतलासुद्धा दिवा तिनं लावून ठेवला होता, आणि त्याचं मन पायरी चुकल्यासारखं खाली गेलं. तिनं हात पुढे केला: रिपोर्ट दाखवा. तो उजेड रिपोर्टासाठी होता. तिनं आकडे वाचले, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचले, आणि म्हणाली की चांगलं औषध दिसतंय, आता दुकानातून विकत आणायला मिळेल का. तेव्हा त्यानं सांगितलं. पीठ म्हणून. तुमचं तुम्हीच बनवलंत असं बाई म्हणाल्या, म्हणून. तिनं रिपोर्ट खाली ठेवला. मग तिनं ओट्याला धरलं, मग तिथंच खाली फरशीवर बसली आणि हसू लागली, डोळ्यांतून पाणी येईतो. त्याला वाटलं, ही वनवासावर हसतेय. पण ती मान हलवत होती, हातानं थांब थांब म्हणत होती. अखेर तिला बोलता आलं. सुरुवातीच्या दिवसांत तो घोरायला लागला आणि तिची झोप उडाली, तेव्हा तिनं चोरून त्याच्या डबीतल्या कॅप्सूल खाल्ल्या होत्या. एकदा नाही, तीन-चारदा. आणि अशी झोपली होती की सकाळी दुकानात मैत्रिणीला सांगितलं, औषध असावं तर असं. मग भीती वाटायला लागली. त्याच्या हृदयाचं औषध आपण खाल्लं, अभ्यास बिघडवला, उद्या काही झालं तर. रोज रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची. "तुझ्या वाटणीची झोप मी खाल्ली म्हणून इतके दिवस मनातल्या मनात मरत होते रे," ती म्हणाली, "आणि निघालं काय, तर पीठ." भगभगीत ट्यूबलाइटखाली, चष्मा कपाळावर, ती हे म्हणाली. तो एकेरी शब्द तिच्या लक्षात आला नव्हता आणि त्यानं तो लक्षात आणून दिला नाही. असल्या गोष्टींवर बोट ठेवलं की त्या अंग चोरतात. तोही तिच्याशेजारी फरशीवर बसला. पाठीला ओट्याचा गारवा लागत होता. पोटातून काहीतरी वर वर येत होतं, अगदी हलकं, थांबायचं नाव न घेता. जेवणं झाल्यावर तिनं टीव्हीच्या रिमोटकडे बघितलं, पण उचलला नाही. डोळे चोळत म्हणाली, "तो दिवा घालव आधी. डोळे दुखायला लागले माझे."

तेवढ्यात दादाचा फोन आला. काय निघालं, दादानं विचारलं. तो म्हणाला, एलडीएल उतरलं आणि औषध पीठ निघालं. प्रयोगशाळा बदल, असं दादा म्हणेल म्हणून तो थांबला. पण दादानं जरा वेळानं विचारलं की मग झोप, ती खरी होती का. त्यानं सांगितलं, खरी होती. आणि मग दादानं जे सांगितलं ते आजवर कधी सांगितलं नव्हतं: वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून तो रात्रभर टीव्ही लावून बसतो, आवाज बंद करून, नुसता उजेड असावा म्हणून. डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत तर, असं वाटतं. दोन ऑपरेशनं हसत हसत झेललेला दादा हे हवापाण्यावर बोलावं तसं बोलला. त्याला एकदम दिसलं की शहराच्या दोन टोकांना ते दोघे भाऊ इतकी वर्षं आपापल्या उशीवर कान लावून एकच आवाज ऐकत पडले होते, आणि संध्याकाळी एकमेकांना फक्त आकडे सांगत होते. तो म्हणाला, "रविवारी ये इकडे. टीव्ही नाही, फोन नाही, उजेड नाही." दादानं विचारलं, मग करता काय तुम्ही. तो म्हणाला, बसतो.

दादा आला तो पिशवीत सगळे जुने रिपोर्ट घेऊन, न जाणो कोणाला बघायचे असले तर. पहिला बराच वेळ त्याची चुळबूळ चालली. कप कुठे ठेवला ते दिसेना, भिंतीचा रंग दिसत नाही हे एक बरं झालं म्हणाला, तेव्हा दीर आपल्याच पक्षाचा निघाला म्हणून बायको खूश झाली. दीर नव्हे, थोरला दीर, दादानं दुरुस्ती केली, मान द्या. तांबूस दिव्यात दादाचे फक्त गुडघे दिसत होते. आणि त्या गुडघ्यांच्या वरून कुठून तरी आवाज आला, तुला बाबांचं कपाट आठवतं का. त्याला नव्हतं आठवत. बाबांचं त्याला माहीत असलेलं सगळं हृदयापाशी सुरू होऊन हृदयापाशीच संपत होतं; घरात बाबांचा विषय निघाला की आई उठून आत जायची. दादा सांगू लागला. बाबांनी कुठून तरी एक अवाढव्य जुनं कपाट आणलं आणि कोणाचं न ऐकता ते जिन्यातून वर चढवायला घेतलं. दुसऱ्या वळणावर ते असं अडकलं की वरही जाईना, खालीही येईना. लोक कामावरून परतायला लागले. तेव्हा बाबांनी कपाटाची पाठ खोलून काढली, पुढची दारं उघडली आणि जाहीर केलं की आता यातून जा. सगळी इमारत कपाटातून घरी गेली. म्हाताऱ्या वाकून जात होत्या, एक गृहस्थ सायकल घेऊन गेले, आणि बाबा आत खालच्या फळीवर बसून प्रत्येकाला या, या म्हणत होते, पाहुण्यांचं करावं तसं. मी मांडीवर होतो त्यांच्या, दादा म्हणाला. हसून हसून त्यांचं पोट हलत होतं, मला पाठीला लागत होतं. बायको अंधारात हसत होती. तो ऐकत होता आणि बुटांच्या वर त्याला पहिल्यांदाच पाय दिसायला लागले होते, मांडी, हलणारं पोट. हे पोटही त्याच्या घराण्याचंच होतं. "मग संध्याकाळी," दादा म्हणाला, "बाबांनी काय केलं, तर सरळ वरच्या..." आणि पुढचा शब्द आला नाही.

त्यानं वाट बघितली. वरच्या काय, त्याला विचारायचं होतं. वरच्या कठड्याला दोर बांधला, की वरच्या मजल्यावरून कोणाला बोलावलं. अडकलेली केबिन सोडवणं हा त्याचा धंदा होता आणि त्याचे हात नुसते शिवशिवत होते. पण अंधारातून संथ, जाड, एकसारखा श्वास यायला लागला होता. बायकोनं त्याच्या मनगटाला हात लावला, म्हणजे हलू नकोस. ती दोघं हलली नाहीत. त्याचे कान सवयीनं त्या श्वासाकडे वळले, बिघाड शोधायला, आणि थोडा वेळ शोधून, काही न सापडल्यासारखे, आपणहून बाजूला झाले. त्याला बायकोला काहीतरी सांगायचं होतं, सांगण्यासारखं खूपच होतं, त्यानं वाक्य सुरूही केलं होतं.

सकाळी उजेडानं जाग आली तेव्हा समोरच्या खुर्चीत दादा मान वाकडी करून बसला होता आणि त्याच्याकडे बघत होता. मान धरलीय, दादा म्हणाला, डावीकडे वळतच नाही. चहा पिताना त्यानं दोनदा विचारलं की मी खरंच सबंध रात्र झोपलो का, आणि बायकोनं दोनदा सांगितलं की तुम्ही दोघे भाऊ तोंडं उघडी टाकून झोपला होतात, मी चादरी घालून आत गेले. रिपोर्टांची पिशवी घ्यायची दादाला आठवण राहिली नाही, ती तिनं दारात नेऊन हातात दिली. दादा वाकून बूट घालत होता. त्यानं विचारलं, दादा, पण ते कपाट निघालं कसं.

"ते असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही," दादा म्हणाला. नाडी बांधून तो उभा राहिला, मान सांभाळत, सबंध अंगानिशी त्याच्याकडे वळला आणि जरा चाचरत म्हणाला, "संध्याकाळी येऊ का?"

तो काही बोलायच्या आत बायको आतून म्हणाली, "या ना दादा. फक्त येताना आपली उशी घेऊन या."